जाऊन येते

मार्गळी या तमिळ महिन्यातल्या थंड, धुकट पहाटे आमच्या गल्लीत ओल्या अंगणाचा, कॉफीच्या ताज्या डिकाशनचा आणि माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या भांड्यांच्या दुकानातून येणारा, चिंचेने घासलेल्या पितळेचा गंध एकमेकांत मिसळतो, आणि त्या गंधात बसून मी पुण्याच्या एका सरांकडे ऑनलाइन पटकथालेखन शिकत होते. कुंभकोणमात, तेही मराठीतून! हसा खुशाल. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून आम्ही घरात मराठीच बोलतो, जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून, आणि मला तिचा कमालीचा अभिमान आहे.

उत्कर्षबिंदू म्हणजे जिथून मागे फिरता येत नाही ती जागा, असं सर सांगत. मला ते चटकन उमगलं. कायमचं घर सोडणारी एक मुलगी मी लिहिली. ही पटकथा जमली, तर सरांच्या मालिकेचं लेखन करायला मला पुण्याला जायचं होतं.

निघताना माझी नायिका वडिलांना म्हणते, ‘जाऊन येते.’ सरांनी तिथेच अडवलं. येणारच असेल तर उत्कर्षबिंदू कुठला? ‘जाते’ लिहा, म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. आमच्यात उंबऱ्यावर उभं राहून ‘जाते’ कुणी म्हणत नाही. भांडून, रडून, कायमचं निघालेलं माणूसही ‘जाऊन येते’च म्हणतं. सरांना ते पटलं, पण ती परतणार नाही हे प्रेक्षकाला कळणार कसं, या त्यांच्या प्रश्नापुढे माझी गाडी अडली.

आई गेल्यापासून सकाळची कॉफी आम्ही दोघंच ओसरीवर पितो. आप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांनी फेसाळती कॉफी पेल्यातून वाटीत ओतून निववली.

‘‘बापाकडं बघ की,’’ ते म्हणाले. ‘‘मुलगी जाऊन येते म्हणाली, की बाप विचारतो, कधी येशील? हा विचारणार नाही. ठाऊक असलेलं कोण विचारतं?’’

मला तर नाचावंसं वाटलं! एक ओळ गाळली आणि प्रसंग उभा राहिला. दुपारी सरांचा होकार आला, पुणं पक्कं झालं. आप्पा दुकान अर्ध्यावर टाकून मैसूरपाक घेऊन आले. खोली कुठे, थंडी किती, तिथल्या आमटीत गूळ घालतात तो सोसेल का, गाडी कुठे बदलायची, सगळं त्यांनी बारकाईने विचारलं. मी भरभरून उत्तरं देत होते, आणि देता देता उचललेला मैसूरपाक मी परत ताटलीत ठेवला. तेवढी एकच गोष्ट ते विचारत नव्हते.