आठ भोकांचा प्लग

कम्प्युटरच्या पेटीचा प्लग भिंतीतून उपटला तरी माझा शेजारी तिचं बटण एकदा दाबायचाच. आतला पंखा अर्धा फेरा फिरायचा अन् थांबायचा. "निघाला," तो म्हणायचा. "उरलेला जीव होता. तो निघाल्याबिगर आत हात घालायचा नाही."

देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागं तुम्ही कधी गेले असाल, तर कम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान पाहिलं असेल. बाजूचं माझं, स्टो-कुकर दुरुस्तीचं. मी चौथी शिकलेला. पण गिऱ्हाईक नसलं की त्याचं काम पाहत बसायचो, म्हणून सांगतो. व्हिडिओच्या कामाच्या पेटीत ग्राफिक्स कार्ड नावाची जाड पाटी असते. तिला दोन तोंडं. दोन्हीला विजेच्या सप्लायच्या डब्यातून वेगवेगळी वायर द्यावी लागते. लोक एकाच वायरीचे दोन शेंडे खुपसून आणायचे. हा चिडायचा.

"नवरा-नवरीचं ताट आहे काय बे हे? याले दोन ताटं लागतात!"

मग प्लग हळूहळू दाबायचा, खट वाजेपर्यंत. मी म्हणायचो, "जोर लाव जरा."

"काका, स्टो नाही हा. पंप नका मारू."

माझी बायको उन्हाळ्यात वारली. पोरगा पुण्याला. आधी तो लग्नाचं शूटिंग करायचा, त्याची पेटी घरीच राहिली. तिच्यात त्याच्या हळदीचा व्हिडिओ आहे, अन् त्यात त्याची माय गाणं म्हणते. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. मी रोज लावायचो. दसऱ्याला ती पेटीचं झाकण काढून, पुसून हळदकुंकू वाहायची. यंदा मी वाहिलं. दुसऱ्या दिवशी पडदा काळा.

पेटी उचलून त्याच्याकडं नेली. त्यानं बॅटरी मारून आत पाहिलं, कार्डाचा प्लग काढला अन् उजेडात धरला.

"काका, याच्यात कुंकू कोणं भरलं?"

"याच्यात कुठं? मी वरून पत्र्याले बोट लावलं."

"आठही भोकं भरली हो. काडी जात नाही तिथं, बोट कसं जाईल?"

"ती लावायची दरसाल. तिचं असंल."

"मग इतके दिवस चाललं काऊन?"

त्यानं ब्रश फिरवला. कुंकू ओलं निघालं. त्याची बोटं लाल झाली. त्या दिवशी त्यानं एकही टोमणा मारला नाही. "प्लग जळला," एवढंच म्हणाला. "नवा सप्लाय आहे माझ्याजवळ, आज बसवतो. उद्या काकू दाखवतो तुम्हाले."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. रात्री जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. चाळिशीचा माणूस.

तेरवी झाल्यावर त्याच्या बायकोनं दुकान उघडलं अन् मला हाक मारली. टेबलावर माझी पेटी तशीच उघडी. एक वायर कार्डात बसवलेली. दुसरी तोंडाजवळ लोंबत होती.

मी हात पुढं केला तर ती म्हणाली, "नका लावू, काका. त्यांचं शेवटचं काम आहे ते. असंच राहू द्या."

मी फाटक्या तोंडाचा. म्हणलं, "तुह्या नवऱ्याचं काम आहे, बाई, पण माही बायको आहे आत."

तिनं लोंबती वायर हातात घेतली. मग म्हणाली, "मंग मीच लावते." तिनं दाबलं. खट वाजलं. मी बटण दाबलं, पडदा उजळला, व्हिडिओ लावला. माझी बायको पाटाजवळ बसून गात होती. मी रडलो. लाज कसली त्यात?

गाणं संपलं तशी त्याची बायको म्हणाली, "तुमचं बरं आहे. त्यांनी दुनियेचे आवाज दुरुस्त केले, अन् त्यांचा आवाज कशातच नाही. तुम्ही रोज बाजूले बसत होते. ते कसे बोलायचे, तसं बोलून दाखवा ना."

मी नाही म्हणलं. ती हलेना. शेवटी दाराकडं पाठ करून बसलो होतो तसाच, त्याच्यासारखं दोन शब्द बोललो. माझा आवाज जाड, विड्यांनी फाटलेला. तोंडातून निघाला तो बारीक. त्याचा. मी तसा काढला नव्हता.

ती चटकन उठली. डोक्यावर पदर घेतला. माझ्या मागं, दाराकडं पाहून म्हणाली, "इतका उशीर काऊन केला?"

मी वळून पाहिलं नाही.