वसंताचा झाकलेला फ्लास्क

वसंता गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, प्रज्ञानं केला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी केशोरीला गेलो. तिथं जुन्या वर्गातला एकजण हळूच म्हणाला, "माणूस हुशार, पण प्रॅक्टिकलात चोरी केली होती ना यानं..." प्रज्ञानं ते ऐकलं. मी खाली पाहत राहिलो. हे लिहितोय ते त्यामुळेच.

गोंदियाला एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आमचं टेबल एकच होतं. मॅलेइक आणि फ्युमॅरिक या दोन आम्लांत अणू तेच. पण एकात अणूंचे दोन गट दुहेरी बंधाच्या एकाच अंगाला, तर दुसऱ्यात विरुद्ध अंगांना. ब्रोमीनचे दोन अणू त्या बंधाला विरुद्ध बाजूंनी येऊन जोडले जातात, म्हणून दोन आम्लांपासून वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे दोन पदार्थ मिळतात. मॅलेइक वसंताकडे होतं, फ्युमॅरिक माझ्याकडे. उजेडात ब्रोमीनच्या संगतीनं मॅलेइकचं फ्युमॅरिक होऊन बसतं, म्हणून त्याचा फ्लास्क काळ्या कागदात गुंडाळलेला. ब्रोमीनचा नारिंगी रंग आधी कोणाच्या फ्लास्कातून उडतो, यावर आमची समोशांची पैज.

"हात नको लावू बे," असं बजावून वसंता पाणी प्यायला गेला. रंग किती उडाला ते पाहायला मी कागद काढला, फ्लास्क खिडकीत उन्हात धरला... तेवढ्यात सरांनी बोलावलं, फ्लास्क तिथंच राहिला. परतलो तर तळाशी पांढरे स्फटिक साचलेले. घाबरून मी कागद पुन्हा गुंडाळला.

दोघांचे पदार्थ एकाच तापमानाला वितळले. सर वसंताला म्हणाले, "शेजाऱ्याचं उचललंस?"

"चोरी काऊन करीन मी, सर? हा बाजूलेच होता, याले विचारा."

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

त्याला नापास केलं. तो परत कॉलेजात आला नाही, केशोरीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागला. मी प्राध्यापक झालो. आमची मैत्री मात्र टिकली, कारण ती त्यानं टिकवली. मला पाहिलं की ओरडायचा, "काय बे प्रोफेसर, पोट वाढून राहिलं तुझं!" मग ओसरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचा. चहा झाला की बराच वेळ काहीच बोलायचा नाही. मला वाटायचं, थकला असेल.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "फ्लास्कले ऊन लागलं होतं, हे बाबाले माहीत होतं, काका. शाळेत त्यांनी पुन्हा करून पाहिलं होतं."

"मग मला का नाही विचारलं?"

"मीबी तेच म्हणायची. तर म्हणत, सांगेल तो."

ती चहा ठेवायला आत गेली. ओसरीत खुर्च्या तशाच समोरासमोर होत्या. मी माझ्या जागी बसलो. चहा आला, पिऊन झाला... आणि नेहमीसारखी शांतता पसरली. इतकी वर्षं ती शांतता तो माझ्यासाठी मोकळी ठेवत होता.