पाहुण्यांचा गॅस

आमच्या वडनेरच्या घरात गॅस होता, पण तो पाहुण्यांचा. पाहुणे आले की त्यावर चहा व्हायचा, मग शेगडी पुसून तिच्यावर फुलाफुलांचं कापड. बाकी सगळं चुलीवर. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून अंगणात रचायच्या आणि वर्षभर त्याच जाळायच्या. ज्या घरचा ढीग उंच, त्या घरची बाई कामाची. माझा ढीग गल्लीत सर्वांत उंच होता आणि मला त्याचा भारी माज होता.

मग मला साखर निघाली. गोड सोडलं, भात कमी केला, सकाळी चालू लागले, गोळ्या घेतल्या. तरी रक्ततपासणीतली तीन महिन्यांची सरासरी साखर हटून बसलेली. सेवाग्रामच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला हीच राहिली तर इन्सुलिन सुरू करू." माझ्या आईने शेवटची वर्षं सुया टोचून घेत काढली. तिच्या पोटावरचे निळे डाग मी पाहिले होते. मला ते नको होतं. म्हणजे नकोच होतं.

उठता उठता मला खोकला आला. बाईंनी विचारलं, "घरी गॅस आहे ना?"

"आहे की!" मी तोऱ्यात म्हटलं.

"भाकरी त्यावरच करता?"

आता काय सांगू? कापडासकट सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, धूर नुसता छातीत राहत नाही. त्यातले बारीक कण रक्तात उतरतात, शरीराला आतून सूज आणतात, मग अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नाही. "साखर उतरेलच असा शब्द देत नाही. गोळ्या, चालणं सोडू नका. पण हेही करून बघा."

बसमध्ये मला असा राग आला! घास न् घास जपून खाल्ला आणि श्वासाकडे कोणी बघितलंच नव्हतं. घरी पोचले, खड्डे खणायची लोखंडी सब्बल घेतली आणि स्वयंपाकघरातली चूल फोडली.

सासूबाई धावत आल्या. "काऊन फोडली? चूल काय फोडाची चीज हाय? गॅसच्या भाकरीले चव नाई राहत!"

"मले चव नको, आई. मले सुई नको."

त्यांनी अबोला धरला. नवऱ्याने अंघोळीच्या पाण्यासाठी अंगणात नवी चूल मांडायचा घाट घातला. मी विटाच उचलून नेल्या. काही दिवस कुडकुडत न्हाला, मग मुकाट्याने पाणी तापवायचा रॉड घेऊन आला. पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून शेतातच टाकल्या. रिकामं अंगण बघून शेजारीण म्हणाली, "यंदा आळस केला वाट्टे!"

पुढच्या खेपेला बाईंनी रिपोर्ट पाहिला. "उतरली. इन्सुलिन आता नको." मला तिथेच रडू फुटलं. धुरामुळेच उतरली का, हे त्या ठाम सांगेनात. पण गोळ्या त्याच, चालणं तेच, भात तेवढाच; घरातून गेली होती ती एकटी चूल.

घरी आले तर सासूबाई ओट्यावर, शेजारीण जवळ बसलेली. अबोला विसरून त्या उठल्याच. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"सुई टळली, आई."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीकडे वळल्या. "ऐकलं का वं? सब्बल नसन तर आमच्या घरची घेऊन जाजो."