पार्किंगमधला पहिलटकरणींचा वर्ग

मधुवंती कारखानीस निवृत्त झाली तेव्हा मुलुंड पूर्वेच्या तिच्या सोसायटीतल्या बायकांना वाटलं, चला, आता ही भजनी मंडळात येईल. आवाज तर तिचा असा की चौथ्या मजल्यावरून दूधवाल्याला हाक मारली तर फाटकापाशी उभा असलेला वॉचमनसुद्धा वर बघायचा. पण मधुवंतीला भजनात रस नव्हता. सगळी उमर तिने सरकारी प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून काढली होती आणि तिथून एक राग ती घरी घेऊन आली होती.

राग होता तो गप्प बसण्याचा. बाळंतपणाला आलेल्या पोरी टेबलावर पडल्या-पडल्या तिला सांगायच्या, सिस्टर, दोन-तीन महिने मला धड बसता येत नव्हतं. का नाही सांगितलंस गं, असं विचारलं की मान फिरवायच्या. कोणाला सांगणार? नवऱ्याला? सासऱ्यांच्या पुढ्यात? मधुवंतीला त्यांचं काही चुकलं असं म्हणताच यायचं नाही, कारण स्वतःच्या पहिल्या खेपेला तिने तेच केलं होतं. सातव्या महिन्यात मूळव्याधीने तिला रडवलं होतं. वॉर्डात दिवसभर दुसऱ्यांना उपाय सांगणारी ही बाई घरी आल्यावर एका बाजूवर भार देऊन बसून भाजी निवडायची, आणि सासूबाईंनी विचारलं तर म्हणायची, कंबर धरलीय. तो शब्द त्यांच्या घरात उच्चारायचा नसतो, एवढं तिला न सांगता कळलं होतं.

तर निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक कागद लावला. ठळक अक्षरात लिहिलं होतं: पहिल्यांदा आई होणाऱ्यांसाठी. मळमळ, छातीतली जळजळ, बद्धकोष्ठ, मूळव्याध, पांढरं जाणं, शिंकताना लघवी गळणं, पायात गोळे येणं. याबद्दल बोलू. शनिवारी दुपारी, सोसायटीचा हॉल. फी नाही. लाज घरी ठेवून या.

कागद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. सेक्रेटरी देवदत्त साठ्ये यांनी तो स्वतःच्या हाताने काढला, नीट घडी घातली आणि वर आणून दिला. साठ्ये माणूस वाईट नव्हे. सोसायटीच्या टाकीपासून कुंड्यांपर्यंत सगळं तेच बघत. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की लिफ्टपाशी मुलं उभी असतात, पाहुणे येतात, असले शब्द बरे दिसत नाहीत. ‘गर्भवतींसाठी आरोग्य मार्गदर्शन’ असं लिहा आणि खुशाल लावा.

“तसं लिहिलं तर कोणी येणार नाही, साठ्ये,” मधुवंती म्हणाली. “मार्गदर्शन कोणाला हवंय? जिला बसता येत नाही तिला नीट बसायचंय. तिला तिचा शब्द तिथे वाचू दे.”

तिचा नवरा नंदकिशोर सोसायटीच्या कमिटीत खजिनदार होता. तो सोफ्यावर बसून पेपरात तोंड खुपसून होता. साठ्ये गेल्यावर त्याने हळूच विचारलं की एक शब्द बदलला तर काय बिघडतं. मधुवंतीने कागद उचलला आणि परत खाली नेऊन लावला.

पहिल्या शनिवारी चौघीच आल्या. त्यांतली श्वेता बँकेत नोकरीला, सहावा महिना, बोलायला तिखट. बाकीच्या तिघी दारातच घुटमळत होत्या. मधुवंतीने खुर्च्या गोल मांडायला लावल्या आणि सुरुवातच केली ती सकाळच्या उलट्यांपासून. उठल्या-उठल्या धडपडत बाथरूम गाठू नका, उशाशी चार कुरमुरे किंवा सुकी पोळी ठेवा, पडल्या-पडल्या खा, मग सावकाश पाय खाली टाका. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून थोडं थोडं खा. पण पाणीसुद्धा पोटात ठरेना, लघवी कमी व्हायला लागली, तर घरगुती उपाय बास, डॉक्टर. जेवून लगेच आडवं होऊ नका, जळजळीला तेच कारण असतं. लोहाच्या गोळीने पोट घट्ट झालं तर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसरी मिळते. संडासात पायाखाली एक बुटका स्टूल घ्या, गुडघे वर आले की कुंथावं लागत नाही. मग तिने स्वतः खुर्चीत बसून, पुस्तकांचा गठ्ठा पायाखाली घेऊन ते करूनच दाखवलं, आणि तिघींपैकी सर्वांत लाजरी होती ती खो-खो हसली. तिथून पुढे वर्ग वर्ग राहिला नाही. जी ती बोलायला लागली.

ते हसणं बाहेर ऐकू गेलं. तिसऱ्या शनिवारनंतर कमिटीने ठराव केला की हॉल फक्त धार्मिक आणि कौटुंबिक कार्यक्रमांसाठी दिला जाईल. शिवाय बाहेरच्या बायका येतात, त्यांची नोंद होत नाही, हेही त्यात घातलं. नंदकिशोरने ठरावावर सही केली आणि घरी येऊन सांगितलंही. मधुवंतीने पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आपली गाडी शनिवारी दुपारी रस्त्यावर लाव.”

“का?”

“पार्किंगची जागा आपल्या नावावर आहे ना? मी तिथे बसणार आहे.”

आणि ती बसली. दोन खांबांच्या मधल्या त्या आखलेल्या चौकोनात तिने चटया घातल्या, घरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, खांबाला तोच कागद चिकटवला. येणारे-जाणारे गाडीची काच खाली करून बघायचे. मधुवंती आवाज जराही खाली आणायची नाही. उलट कोणी रेंगाळला की मुद्दाम म्हणायची, “या, बसा. तुमच्या घरी सून असेल ना?” तो माणूस घाईघाईने गाडी काढायचा.

अशातच एका शनिवारी ऋतिका आली. बी विंगमधल्या सावंतांची सून, आठवा महिना लागलेला. मागोमाग तिची सासू जानकीही आली, ती शिकायला नव्हे, नजर ठेवायला. सावंत मूळचे मालवणकडचे. सासरा गिरणीत होता. गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि मुलगा सर्वेश नोकरीला लागल्यावर हे लोक मुलुंडला आले. जानकीने चार जणींसमोर तोंड सोडलं. “आमी काय बाळंत होवक नाय? आमका खंय कोणी शिकवल्यान? सगळ्यांका होता हा गे.”

“सगळ्यांना होतं म्हणूनच सांगायचं, जानकीताई,” मधुवंती म्हणाली. “तुमच्या वेळी पायात गोळा आला की काय करायचात?”

जानकी म्हणाली, रडत बसायचे. दुसरं काय करणार?

मधुवंतीने तिलाच चटईवर बसवलं. पाय सरळ करायला लावला, टाच पुढे दाबून पायाची बोटं नडगीकडे ओढायला लावली. पोटरी ताणली गेली तशी जानकीने पायाकडे पाहिलं. “इतकाच?” तिने विचारलं. आणि मग बराच वेळ ती पाय तसाच धरून बसली होती, जणू कोणावर तरी रागावली होती आणि ते कोण हे तिला सापडत नव्हतं.

दोन-तीन आठवड्यांनी ऋतिका तळहात खाजवत आली. पोटाला खाज येते हे मधुवंतीनेच शिकवलं होतं, कातडी ताणली जाते, खोबरेल लावा, सैल सुती कपडे घाला. ऋतिका तेच करत होती. पण खाज तळहातांना आणि तळपायांना होती, अंगावर पुरळ नव्हतं, आणि झोपायला गेलं की वाढायची. सर्वेशने साबण बदलायला सांगितला होता. जानकीने कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली होती.

मधुवंतीने तिचे दोन्ही हात हातात घेऊन पाहिले आणि वर्ग तिथेच थांबवला. “हे माझ्याकडचं नाही,” ती म्हणाली. “हे डॉक्टरांचं. आत्ता जायचं, सोमवारची वाट बघायची नाही.”

जानकी म्हणाली, एवढ्याशा खाजेसाठी? मधुवंतीने तिला सरळच सांगितलं की पोटाची खाज वेगळी आणि ही वेगळी, कदाचित काही निघणार नाही, पण रक्त तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. ऋतिकाने सासूकडे पाहिलं नाही. तिने चपला घातल्या आणि श्वेताला म्हणाली, रिक्षा थांबव ना. जानकीच मग पदर खोचून तिच्या मागे धावली.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी रक्त घेतलं. पित्ताचे घटक रक्तात वाढले होते. औषध सुरू झालं, दर आठवड्याला तपासणी सुरू झाली, आणि बाळाला धोका नको म्हणून तारखेच्या थोडं आधीच प्रसूती करायचं ठरलं. मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाजाने खणखणीत. जानकी पेढे घेऊन आली तेव्हा मधुवंती दार उघडून नुसतीच उभी राहिली. पेढ्याचा पुडा हातात घेऊन ती आत गेली आणि बेसिनपाशी उभं राहून तिने तोंड धुतलं.

त्याच सुमारास सोसायटीची वार्षिक सभा आली. साठ्यांनी विषय घेतला होता: पार्किंगच्या जागेचा गैरवापर. आदल्या दिवशी जानकी धावतपळत वर आली. आमच्या ऋतिकाचं सांगा, ती म्हणाली, सगळ्यांची तोंडं बंद होतील. मीच उठून सांगते.

“नाही,” मधुवंती म्हणाली. “तुम्हाला सांगावंसं वाटलं तर घरोघर सांगा. पण सभेत नको.”

जानकीला कळेना. मधुवंतीने तिला बसवलं. “ऋतिकाचं सांगितलं की ते म्हणतील, अरे वा, जीव वाचतात, मग चालू दे. आणि उद्या एखादी पोरगी नुसतं बसता येत नाही म्हणून आली तर तिला म्हणतील, तुझ्या जिवावर थोडंच बेतलंय, सहन कर. मला तेच मोडायचंय, जानकीताई. दुखतंय एवढं कारण पुरे आहे.”

सभा हॉलमध्येच भरली. साठ्ये शांतपणे बोलले. वर्ग चांगला आहे, बाईंची तळमळ त्यांना मान्य आहे, कमिटी हॉल परत द्यायला तयार आहे. अट एकच, फळ्यावरची भाषा सभ्य हवी. लोकांनी माना हलवल्या. नंदकिशोर टेबलामागे बसून पेनाचं टोपण काढत-घालत होता.

मधुवंती उठली. ती म्हणाली की असभ्य काय ते मला कळू दे. मूळव्याध पुरुषांनाही होते, या हॉलमध्ये किती जणांना आहे ते मी विचारत नाही. आपल्या आया इथे बसल्यात, त्या आपल्याला पोटात घेऊन रडत बसल्या, कारण तो शब्द सभ्य नव्हता. “मी तो कागद बदलणार नाही. हॉल तुमचा आहे, ठेवा.”

तेवढ्यात मागच्या रांगेतून श्वेता उठली. नववा महिना, त्यामुळे उठायलाच वेळ लागला, आणि सगळे वळून बघेपर्यंत ती नीट उभी राहिली होती. “मला मूळव्याध आहे,” ती म्हणाली. “होती खूप, आता कमी आहे. या वर्गामुळे. हे मी माझ्या ऑफिसातसुद्धा सांगितलंय.” तिच्या शेजारी तिचा नवरा लाल होऊन बसला होता, पण त्याने तिची खुर्ची मागून धरली होती.

तरीही ठराव पास झाला. फार नाही, पण पुरेशी मतं पडली: पार्किंगच्या जागेत वाहन उभं असलंच पाहिजे. नंदकिशोरने हात वर केला नाही, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. मधुवंतीने ते पाहिलं. घरी जाईपर्यंत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि नंतर शुक्रवारपर्यंतही नाही.

शनिवारी दुपारी ती चटया घेऊन खाली उतरली. तिने ठरवलं होतं, दंड लावू देत, उचलून नेऊ देत, बसायचं ते बसायचंच. पार्किंगमध्ये येते तर गाडी हललेली, आणि त्यांच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात भिंतीला टेकून एक जुनी स्कूटर उभी. नंदकिशोरच्या विक्रोळीच्या भावाची, वर्षानुवर्षं बंद पडलेली. नंदकिशोर घामाघूम होऊन तिच्यावरची धूळ फडक्याने पुसत होता.

“जागेत वाहन हवं, एवढंच ठरावात आहे,” तो म्हणाला. “केवढं, ते लिहिलेलं नाही. मी तो दोनदा वाचला.” आणि फडकं झटकत, तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, “त्या दिवशी हात वर करायला पाहिजे होता.”

“हो, पाहिजे होता,” मधुवंती म्हणाली. “चटई धर त्या बाजूने.”

वर्ग अजून चालू आहे. साठ्ये अधूनमधून लिफ्टजवळचा कागद काढतात, मधुवंती दुसरा लावते. दोघं पायऱ्यांवर भेटले की एकमेकांना नमस्कारही करतात. गेल्या पावसाळ्यात तिने कागदावर एक ओळ वाढवली: तळहात-तळपायाला खाज असेल तर इथे येऊ नका, आधी दवाखान्यात जा. बाकीचे सगळे शब्द होते तसेच आहेत, फक्त अक्षर मोठं झालंय. ऋतिका मुलीला कडेवर घेऊन येते. जानकी तर वेळेच्या आधी हजर असते, खुर्च्या मांडते, आणि खांबापाशी घुटमळणाऱ्या एखाद्या नव्या पोरीला हाताला धरून चटईवर आणते.

“सांग गे बाये,” तिला म्हणते. “खंय दुखता ता मोठ्यान सांग.”