फत्तेचा गूळ

आयुष्यात काय कमावलं असं कुणी विचारलं, की केदारखेड्याचे रामराव खुशाल सांगत, "एक भिंत. तीबी सात वर्षं भांडून." आणि वर आपणच हसत. हसतील नाही तर काय करतील? निजामाच्या राज्यात माणसं शिवारासाठी भांडली, बांधासाठी भांडली. हा गडी भांडला शेळीवरून.

थोरले बंधू रखमाजी आणि रामराव यांची घरं एकाच अंगणात, मधल्या कुडाला एक दार. रखमाजींच्या शेळीनं त्या दारातून येऊन रामरावांचा कोरा फेटा खाल्ला. शब्दानं शब्द वाढला. रामराव म्हणाले, दार बुजवून भिंत घालतो. रखमाजी म्हणाले, घालू देत न्हाई. झालं, सात वर्षं कचेरीचे खेटे सुरू झाले. शेळी पाचव्या वर्षीच मेली, पण रामराव मागं हटले नाहीत.

निकाल रामरावांच्या बाजूनं लागला. आठ दिवसांत भिंत उभी राहिली. मग त्यांच्या बायकोनं, नंदाबाईनं, दळणाची पाटी कमरेवर घेऊन विचारलं, जातं कुठंय? जातं पलीकडं राहिलं होतं. पाण्याचा आडही पलीकडंच. कचेरीत दिलेला अंगणाचा नकाशा रामरावांनी स्वतःच्या हातानं काढला होता, त्यात या दोन गोष्टी तेवढ्या काढायच्या राहून गेल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी ऐट होतीच. गावात वाटायला गुळाची ढेप आणली. पण गावची रीत अशी, की जिंकल्याचा गूळ आधी घरच्या थोरल्याच्या तोंडात पडायचा, मग गावाच्या. जो तो विचारी, रखमाजींना दिला का? आणि हात मागं घेई. ढेपेला मुंग्या लागल्या. खरं सांगायचं तर कचेरीतून निघाल्यापासून रामरावांना ही बातमी एकाच माणसाला सांगायची होती, आणि हरलेला माणूस नेमका तोच होता.

गूळ नाही तर नाही, निदान भिंतीवर मोठ्या उर्दू अक्षरांत 'फतह' लिहून घ्यावं, येणाराजाणारा वाचील, म्हणून त्यांनी उर्दू शाळेतल्या गुलाम नबी मास्तरांना बोलावलं. मास्तरांना खोड होती, मानी, म्हणजे अर्थ, सांगितल्याशिवाय लफ्ज लिहायचा नाही. चुना कालवता कालवता ते सांगू लागले. "अरबी लफ्ज हाय, रामराव. अस्ल मानी उघडणं. किल्ल्याचा दरवाजा उघडला की जीत झाली, म्हणून जीतला फतह म्हणायला लागले." मग कुंचला बुडवून त्यांनी भोळेपणानं विचारलं, "कुठं लिहू?"

रामराव बुजवलेल्या दाराकडं बघत राहिले. सात वर्षांत एवढं फजीत त्यांना कुणी केलं नव्हतं.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले.

त्यांनी ढेप उचलली. दहा पावलांवरच्या भावाकडं जायला आता पाराला वळसा घालून अख्खी गल्ली तुडवावी लागे. सगळा गाव बघत होता. थोरल्यानं तोंड फिरवलं तर परत याच वाटेनं यायचं होतं, आणि मग भाऊ कायमचा गेला म्हणायचा.

रखमाजी ओट्यावर दोरखंड वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. रामरावांनी वाटभर जुळवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. ते नुसता गूळ पुढं धरून उभे राहिले.

रखमाजींनी दोर खाली ठेवला. फुंकर मारून मुंग्या उडवल्या, खडा मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला आणि अर्धा धाकट्याच्या तोंडाशी नेला.

"धाकला जिंकला म्हंजी घरातच राह्यलं की, रामा. खा."

पन्नाशीचा बाप्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडला. आतून भावजय, द्वारकाबाई, नंदाला दळण घेऊन धाड म्हणाली.

सकाळी रामराव पहार घेऊन स्वतःच भिंत पाडायला लागले. आवाज ऐकून लोक गूळ मागायला आले. रामराव घाम पुसत म्हणाले, "ढेप दादाकडं हाय. जरा थांबा, ह्याच दारानं जा."