कोपऱ्यातला धोटा

नागपुरातल्या एका छापखान्यात मी जुळारी होतो. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पानं बांधायची, हे माझं काम, आणि त्यात मी स्वतःला फार शहाणा समजायचो. सत्तरच्या दशकात एकदा उमरेडचा एक म्हातारा विणकर लेकीला घेऊन आला. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात लुळा पडला होता. हातमागाविषयी बत्तीस पानांची पुस्तिका त्याने लेकीकडून लिहून घेतली होती, पण जीव अडकला होता तो कोपऱ्यांत. उजवीकडच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चित्र हवं होतं. पानं अंगठ्याने भरभर सोडली की हात धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी लाकडी होडी, फेकताना दिसला पाहिजे. बापाचा हात आठवून लेकीने सोळा चित्रं काढली होती.

"माहा हात चालताना मले एकदा पाहाचा हाय गा," तो म्हणाला.

चित्रांचे ब्लॉक आले त्या दिवशी तो पुन्हा हजर. मी काम करतोय आणि हा डोक्याशी उभा. "हळू गा! नंबर पाहून लाव." माझं टाळकंच सटकलं. "काका, मी काय आज पयल्यांदा करून राहिलो काय? बसा तिकडं!"

छापण्याआधी पानं दगडी टेबलावर मांडतात, तेव्हा ती क्रमाने नसतात. पहिल्याशेजारी सोळावं बसतं. मोठा कागद छापून दुमडला की मग ती ओळीने लागतात. मजकुराची पानं मी तशीच लावली होती. ब्लॉक मात्र रागाच्या भरात, समोर येईल त्या कोपऱ्यात एक, दोन, तीन असे बसवत गेलो. प्रूफ सुट्या पानांचं, त्यात हलणं कुठून दिसणार?

पुस्तिका शिवून आल्या तेव्हा मी एक चाळली. हात झटके खात होता. धोटा सुटायच्या आधीच परत येत होता. सगळ्या प्रती तशाच होत्या. मी ती परत गठ्ठ्यात सरकवली.

प्रती न्यायला लेकीबरोबर आलेल्या म्हाताऱ्याने डाव्या अंगठ्याने पानं सोडली. पुन्हा सोडली. मग लेकीकडे वळला.

"माहा हात तुह्या ध्यानात राहिलाच नाही काय वं?"

तिने पुस्तिका घेतली, दोनदा चाळली, मान खाली घातली. "चुकलं असन माहं, बाबा."

मी तिथेच होतो, त्यांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत. गाठ पक्की मारली आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.