परत एकदा सांगायला लाव

माझी वही त्याने कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायाखाली घातली.

मोठी मायच्या घरापुढच्या छपरीची जमीन एका बाजूने खचलेली. स्टँड डुगडुगत होता. साहेबाने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातातली वही घेतली, दुमडली, पायाखाली सारली. 'हां, अब बराबर है,' कॅमेरावाला म्हणाला. ते दोघे नागपूरहून आलेले, साहेब मोठ्या चॅनलचा बातमीदार. मी गोंदियात राहून त्यांना माणसं शोधून देणारी.

वहीत माझे चार महिन्यांचे रविवार होते.

मोठी माय म्हणजे माझी चुलती. नवेगाव बांधजवळच्या आमच्या बौद्ध टोल्यातली, वस्तीतली सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिने कापली. पाटलाघरचीसुद्धा. तिथे तिला मागच्या दाराने नेत. बाळंतपण झालं की ती बसलेली जागा शेणाने सारवून घेत.

तिचं एक पोरगं तान्हेपणीच गेलं, एवढंच घरात माहीत होतं. पहिल्या रविवारी मी विचारलं, 'मोठी माय, तुले लय दुःख झालं असंन ना?' ती म्हणाली, 'होय बाई, झालं.' संपलं. तेव्हा कळलं, उत्तर मीच तिच्या तोंडात घातलं होतं. मग विचारणं कमी केलं. ती तांदूळ निवडायची, तिच्याजवळ बसून मीही निवडायचे. गावातल्या म्हाताऱ्यांना भेटले. पोरगं गेलं त्या दिवशी ती पाटलाघरी बाळंतपणाला होती, हे त्यांच्याकडून कळलं. जुन्या वाटा कुठून जात, कुठे कोणाला मनाई होती, ते विचारून घेतलं. त्या वाटा स्वतः चालून पाहिल्या. मग एका रविवारी एवढंच विचारलं, 'पाटलाघरून त्या दिवशी तू कोनत्या वाटेनं आलीस?'

तिचे हात थांबले.

'सरळ वाट पाटलाच्या वाडीतून. आमाले मनाई. तलावाच्या पारीनं, बांधावरून आली मी, फिरून. पोरगं तापानं फनफनत होतं, तसंच टाकून गेलती. घरी आली तं अंग गरमच होतं. जीव नव्हता.'

मग म्हणाली, 'सरळ आली असती तं...' आणि परत तांदूळ निवडू लागली.

हे सगळं मी साहेबाला लिहून पाठवलं होतं. आधी काय विचारायचं, काय अजिबात विचारायचं नाही, तेही. त्याने उघडून पाहिलं नव्हतं. त्याचा पहिला प्रश्न होता, 'आजी, तुम्ही लोक तेव्हा काय काय खायचात?'

मोठी मायने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

'आता तर सरकार सगळं देतं ना?' 'होय,' ती म्हणाली. त्याने काहीतरी गंमत केली, ती पाहुण्याचा मान म्हणून हसली. मग तो मला म्हणाला, 'ते मुलाचं काय आहे, ते तू विचार ना.'

आणि मी विचारलं. दोन परक्या माणसांसमोर. त्याच शब्दांत. तिने सांगितलं. आवाज फाटला, पदर तोंडाला गेला.

कॅमेरावाला हळूच म्हणाला, 'सर, रोल नहीं हुआ था.' रेकॉर्डिंग झालंच नव्हतं.

साहेबाने घड्याळ पाहिलं. 'परत एकदा सांगायला लाव. तसंच. रडणं आलं पाहिजे.'

'नाही,' मी म्हणाले.

'काय नाही?'

'मी परत विचारणार नाही.'

'तुमच्याच लोकांसाठी करतोय ना आम्ही? संधी दिली की हे असं.'

मी उठून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. मागून मोठी माय म्हणाली, 'सरक वं बाई. पाहुने दुरून आले. सांगतो मी.'

मी सरकले. काय करणार होते? तिने परत सांगितलं. कोरडं. रेशनकार्डावर नाव सांगावं तसं. साहेब म्हणाला, 'मजा नाही आली.' स्टँड उचलला आणि गेले.

व्हिडिओ आला दोन मिनिटांचा. खाण्याचं आणि हसण्याचं. वर लिहिलं होतं, समाधानी आजी. पोराचं एक अक्षर नाही. मी फोन केले, उचलले नाहीत. लिहिलं, उत्तर नाही. अख्ख्या गावाने ते मोबाइलवर पाहिलं. मोठी मायने मला विचारलं, 'काऊन वं, मी चुकली का सांगाले?'

त्यानंतर पोराचा विषय तिने काढला नाही. मी रविवारी जाते, ती धानाचं बोलते, पावसापाण्याचं बोलते.

हे छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. 'दे,' म्हणाली. 'फोटो नोको.'

मागच्या महिन्यात साहेबाचा फोन आला. 'बोदलकसाकडच्या गावांत एखादी आजी आहे का गं? चांगली रडणारी?'

'आहेत,' मी म्हणाले. 'तुमच्यासाठी नाहीत.'

ते काम सुटलं. दुसरं अजून मिळालेलं नाही. बोदलकसाला मी एकटी जाणार आहे. तिथल्या बाया जे सांगतील, ते एकदाच. माझ्याकडून निसटलं तर निसटलं. मोठी मायला त्या दिवशी मीच विचारलं, ते माझ्या अंगावर आहे आणि राहील. पण ज्याने कोणाची वाट चालून पाहिली नाही, त्याला यापुढे मी कोणाच्याही दारात नेणार नाही.